आमच्या हॉकी संघातली सगळ्यात वाईट निवड

कॉलेजच्या आमच्या हॉकी संघात सगळ्यात चांगली निवड कोणती, यावर आम्हा म्हाताऱ्यांचं एकमत आहे. सगळ्यात वाईट कोणती, यावर मात्र अजून तावातावानं भांडणं होतात. कॅप्टन मी होते, पोरी मी निवडल्या, म्हणून शेवटी शिव्या मलाच बसतात. बसू द्या. सत्तरच्या दशकात नागपुरात मैदानावर पळायला तयार अशा अकरा पोरी जमवून दाखवा म्हणावं आधी!

आमच्याकडे स्टिक धरता येणाऱ्या होत्या सहा. अकरा झाल्या नाहीत तर स्पर्धेला नाव द्यायचं नाही, असं खेळाच्या मॅडमनी सांगून टाकलं. मग मी बाकीचे खेळ धुंडाळले. गोळाफेकवाली मिळाली. ती चेंडूला पाचात एकदा लावायची, पण लावला की समोरच्या पोरी बाजूला व्हायच्या. खो-खोतल्या दोघी बहिणी आणल्या. वाऱ्यासारख्या पळायच्या, पण दमल्या की सवयीनं मैदानातच उकिडव्या बसायच्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एनसीसीतली एक आणली. अंपायरनं शिट्टी मारली की ती सावधानमध्ये उभी राहायची. किती समजावलं, नाही म्हणजे नाहीच. झाल्या दहा.

अकरावी नंदनवन वस्तीत राहायची, माझ्याच वर्गात, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिला मी का निवडलं? तर एकदा तिची बस सुटली आणि ती पुढच्या थांब्यापर्यंत पळून बसच्या आधी पोचली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पायात चप्पल होती!

आता पोरगी निवडली म्हणजे ती मिळाली असं नाही. घरी जाऊन मागावी लागायची. मॅडम आणि मी साडी नेसून, रविवारी, चार वाजता. नंदनवनच्या घरी तेव्हा मुलगी दाखवणं जोरात चालू होतं, त्यामुळे घरातल्यांचे हातपाय आपोआपच चालले. सतरंजी अंथरली, पोहे आले, पोहे घेऊन पोरगी आली, मान खाली. तिची आत्या म्हणाली, "स्वयंपाक, शिवण, समदं येते हिले." मॅडमनी विचारलं, "पळता येतं का?" आत्या जरा दचकली, पण मागे हटली नाही. "पळते नं. कायले नाही पळत?"

वडील घसा खाकरून म्हणाले, "मंग देण्याघेण्याचं कसं काय?"

मॅडम म्हणाल्या, "स्टिक आमची. कॅनव्हासचे बूट तुमचे."

वडिलांना हे फारच स्वस्त वाटलं. ते लगेच हो म्हणाले.

फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. काटोलच्या एका घरी तिचं जवळजवळ ठरत आलं होतं. संत्र्याच्या बागा, माणसं बरी, पण मुलीनं परीक्षेला बसायची गरज नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. "मले परीक्षा द्यायची हाय," ती म्हणाली. "बाबा म्हणते, मॅचा हायेत तवर पाहुणे नाही बोलवत. आपन हारलो की त्याच्या पुढच्या रविवारी काटोलवाले येते. तू जितत राय वं." मी म्हटलं, त्यात काय, जिंकू की! मला तेव्हा तिचा खेळ माहीत नव्हता.

खेळ म्हणजे काय सांगू! पळायची ती खरंच, पण चेंडूपासून दूर. चेंडू डावीकडे आला की ही उजवीकडे. मी तिला विंगला ठेवली तर ती कडेच्या चुन्याच्या रेषेबाहेर जाऊन प्रेक्षकांत उभी राहिली. मी भर मैदानात ओरडले, "अवं, काहून पळून राहिली तू?" तर म्हणते, "लागते नं!"

पहिली मॅच आम्ही जिंकलो, कारण समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली. दुसरीत गोळाफेकवालीनं अर्ध्या मैदानातून हाणलेला चेंडू गोलसमोरच्या डीमध्ये उकिडव्या बसलेल्या खो-खोवालीच्या स्टिकला लागून आत गेला. गोल! तिला कळलंसुद्धा नाही, ती दम खात होती. एकाला शून्य.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी मी नंदनवनच्या पोरीला सांगितलं, उद्या तू बाहेर बस. दहाच खेळू, पण धड खेळू. ती भांडली नाही. तिथंच गवतावर बसली आणि म्हणाली, "काढ मले. पण मंग रविवारी तूच ये घरी, पोहे तू ने त्यायच्यासमोर." मला रागही आला आणि हसूही. रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला गोलकीपरचे पॅड बांधले. मागे जाळी आहे, दोन्ही बाजूंना खांब. पळून पळून पळणार कुठं? आमची गोलकीपर बिचारी खूश होऊन पुढे खेळायला गेली.

आणि काय सांगू बाप्पा, पोरीनं गोल जाऊ दिला नाही! डोळे मिटून पाय झाडायची, चेंडू पायाला लागायचा. समोरचा संघ जबरदस्त, पण शून्य-शून्य. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू तिच्या पुढ्यात थांबला. आता मारायचा कसा, हे तिला सुचेना. मग ती त्याच्यावर बसली.

नुसती बसली नाही, पाय पोटाशी घेऊन बसली. अंपायर शिट्टी मारून मारून थकला. एनसीसीवाली सावधान. शेवटी आम्ही तिला दोन्ही बगलांत धरून उचललं. पेनल्टी स्ट्रोक मिळाला त्यांना. त्यांच्या उंच पोरीनं चेंडू असा उचलला की सरळ हिच्या तोंडावर. बाहेर आला! वाचवला! आम्ही नाचत तिच्याकडे गेलो, तर वरचा पुढचा एक दात नाही.

"काही नाई झालं, चालू द्या," तोंडावर ओढणी धरून तीच अंपायरला म्हणाली. त्यानं खेळ चालू केला. आम्ही मात्र सगळ्या डीमध्ये ओणव्या होऊन दात शोधत होतो. कॅप्टन म्हणून मी सगळ्यात पुढे. गोळाफेकवालीनं डोकं खाली घालूनच चेंडू मारला, तो गेला त्यांच्याच पोरीकडे. ती आली, आमच्या वाकलेल्या पाठींमधून वाट काढत गेली आणि गोल करून निघून गेली. हरलो. दात शेवटी मॅडमला सापडला.

मी नळाजवळ तिला चुळा भरवत होते आणि धाय मोकलून रडत होते. माझ्यामुळे तिचा दात गेला, आता रविवारी पाहुणे, सगळं माझ्यामुळे. ती म्हणाली, "आरसा दे." मॅडमच्या पर्समधला छोटा आरसा मी दिला. तिनं तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "चांगली मोठी खिंड पडली वं," ती म्हणाली, आणि रक्ताळलेल्या तोंडानं हसली. "परीक्षा निघून जाते एवढ्या खिंडीतून."

काटोलवाले आले. आजवर मान खाली घालणारी ही पोरगी त्या दिवशी त्यांच्या प्रत्येक वाक्याला तोंडभर हसली. संत्र्यांची टोपली ठेवून ते संध्याकाळच्या बसनं परत गेले आणि मग कळवलंच नाही. तिची आई म्हणाली, आधी दात बसवा, मग बाकीचं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत हिरडी भरेल, मग बसवू. हिनं घरी सांगितलं, साडेतीन महिने. वाघीण!

इकडे फेब्रुवारीत माझं लग्न झालं. मुलगा चांगला, सासर सक्करदऱ्याला, तारीख मोठ्यांनी धरली ती परीक्षेच्या आधीची. मला कोणी जबरदस्ती केली नाही. परीक्षेचं कोणी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी सासरी दळण निवडत बसले होते आणि मला नंदनवनच्या पोरीचा इतका हेवा वाटला की सांगायची लाज वाटते.

निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन माझ्याकडे आली. सेकंड क्लास. दात बसवला होता, बाकीच्यांपेक्षा पांढरा. मी म्हटलं, काढून दाखव. तिनं इकडे तिकडे बघून काढून दाखवला. आम्ही पोट धरून हसलो, सासूबाई डोकावून गेल्या इतकं. हसता हसता मला रडू कोसळलं ते थांबेना.

तिनं दात परत बसवला, पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म होता. वर्ग, विषय, पत्ता, सगळं तिनं आधीच भरून आणलं होतं. खालची एक ओळ तेवढी रिकामी होती.

"इथं सही कोनाची लागते?" मी विचारलं. "ह्यांची की सासऱ्यांची?"

"तुही सोताची," ती म्हणाली.