पिकपची उजवी बाजू

“आज तिला उठवायचं नाही. कालपासून खोकतेय बिचारी. छातीत काहीतरी अडकलंय.” खालच्या अंगणातून पुरुषाचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाईचा, “मग जा आता ट्रामनं. आणि येताना दळण आणा.”

आम्हाला कलकत्त्यात येऊन दुसराच दिवस होता. वडिलांची बदली झाली होती आणि भवानीपुरातल्या एका दुमजली घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला होता. खाली घरमालक राहतात आणि ते मराठी आहेत, या आनंदात आईनं ताबडतोब आलं, मिरी आणि गूळ घालून काढा उकळला, त्यावर झाकण ठेवलं आणि पेला माझ्या हातात दिला. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे मला इंग्रजीत गप्प बसता येत असे आणि मराठीतही. खाली हाफपँट घातलेले, कोपरापर्यंत काळे झालेले एक गृहस्थ उभे होते. मी पेला पुढे केला आणि जमिनीकडे बघत म्हटलं, “आजारी आहेत त्यांच्यासाठी.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन एका प्रचंड हिरव्या मोटारीच्या नाकावरची गोधडी अलगद उचलली आणि म्हणाले, “बघितलंत? शेजाऱ्यांनी काढा पाठवलाय तुमच्याकरता.” गाडीनं काही उत्तर दिलं नाही. तेव्हा त्यांनी काढा स्वतःच पिऊन टाकला. “कार्ब्युरेटरला गूळ चालत नाही,” पेला परत देताना त्यांनी मला समजावून सांगितलं.

साऱ्या कलकत्त्यात मी इतका प्रेमात पडलेला माणूस दुसरा पाहिला नाही, आणि त्या शहरात हे म्हणणं सोपं नाही.

आम्ही त्यांना ‘खालचे काका’ म्हणत असू. त्यांचा जन्म कलकत्त्याचाच. नोकरी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. लढाई संपल्यावर अमेरिकन सैन्य घरी परतलं आणि जाताना आपलं सामान डमडमच्या बाजूला एका मैदानात मांडून गेलं, त्यातली ही पिकप. काकू सांगत, की काका त्या दिवशी लिलावाला एक लोखंडी कपाट आणायला गेले होते. पुढे दोन माणसांची बैठक, मागे उघडा हौदा आणि मडगार्डांवर कुठल्यातरी पलटणीचा अर्धवट खरवडलेला आकडा. तिला ‘लॉरी’ म्हणणाऱ्याशी काका बोलत नसत. आमच्या दूधवाल्यानं एकदा तसं म्हटलं, तर त्याला सकाळी सहा वाजता उभं करून लॉरी आणि पिकप यांतला फरक बंगालीत सांगितला गेला आणि गल्लीतल्या बाकीच्या लोकांना त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

तिची सेवा पहाटे सुरू होई. कलकत्त्याच्या घरांतून दोन नळ असतात, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक गंगेच्या गढूळ पाण्याचा, धुण्याभांड्यांसाठी. गंगेच्या पाण्यात गाळ असतो म्हणून काका रेडिएटरमध्ये पिण्याचंच पाणी घालत, आणि तेही पंच्याच्या चौघडीतून गाळून. “घरातल्या माणसांनी गंगेच्या पाण्यानं आंघोळ करायची आणि हिला फिल्टरचं,” काकू म्हणत, “मी पुढच्या जन्मी अमेरिकेत तयार होणार आहे.” थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुर करी, तेव्हा काका तिचे प्लग काढून आणत आणि काकूंच्या शेगडीच्या कडेला शेकायला ठेवत. एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला सहा प्लग असा तो संसार होता. काकू भाकरी उलटताना सवयीनं प्लगही उलटत. तेल बघायची पट्टी पुसायला काकूंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे लागत, आणि त्यातही सुती इंदुरीच. दुसऱ्या कापडाचा धागा सुटतो म्हणे. शनिवारी लोक मारुतीला तेल घालतात, तसे काका गाडीखाली उताणे शिरून एकेका सांध्याला तेल देत. वर्षातून दोनदा तिची पूजा होई. एकदा विश्वकर्म्याच्या दिवशी, गल्लीतल्या मेकॅनिकांबरोबर, आणि एकदा खंडेनवमीला, घरच्यासारखी. “सासर-माहेर दोन्हीकडचे सण करावे लागतात,” काका म्हणत. यातलं सासर कुठलं, हे मात्र त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

सुटे भाग आणायला ते मल्लिकबाजारात जात. बंगाली माणूस मासा घेताना जसे त्याचे कल्ले उचलून बघतो, तसे काका जुना पिस्टन उजेडात धरून बघत, नखानं टोकरत, नाकाशी नेत, आणि “शिळा आहे” म्हणून परत ठेवत. दुकानदार चिडत नसत. उलट पुढचा पिस्टन फडक्यानं पुसून आदरानं हातात देत.

पण ही सगळी सेवा कशासाठी, तर बदलीवाल्यांसाठी. सरकारी नोकरीतली, बँकांतली जी मराठी कुटुंबं कलकत्त्याला येत आणि तीन-चार वर्षांनी जात, त्यांच्या ट्रंका, पाटे-वरवंटे, देव्हारे, लोणच्याच्या बरण्या हावडा स्टेशनवरून आणणं आणि पुन्हा पोचवणं हे काकांनी आपलं काम मानलं होतं. गाडीची तब्येत बिघडल्यामुळे आम्ही तेवढे टॅक्सीनं आलो होतो, आणि ते शल्य त्यांच्या मनातून गेलं नाही. पाहुण्यांना आमची ओळख करून देताना ते म्हणत, “ही वरची मंडळी. टॅक्सीनं आली.”

आता माझ्या जागेविषयी. गाडी अमेरिकन असल्यामुळे तिचं चालवायचं चाक डावीकडे होतं. म्हणजे चालवणारा फुटपाथला चिकटलेला, आणि रस्त्याच्या मध्याकडच्या उजव्या खिडकीशी शेजारचा माणूस. पुढच्या बैलगाडीला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते काकांना दिसत नसे. शेजाऱ्यानं डोकं बाहेर काढून सांगायचं. उजवीकडे वळायचं तर हातही शेजाऱ्यानंच बाहेर काढायचा. पूर्वी हे काम काकूंकडे होतं. पण समोरून ट्राम आली की त्या डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत. “टेहळणीला बसवलेल्या माणसानं डोळे मिटले तर पलटण कशी जगायची?” असं काका म्हणाले, तेव्हा काकूंनी राजीनामा दिला. माझं कॉलेज एस्प्लनेडच्या पलीकडे होतं. “सोडतो तुला रोज,” काका म्हणाले, “तू उजवीकडचं बघ.”

मला कोणी माझं नाव विचारलं तरी कान लाल होत. आणि इथे भर चौरंगी रस्त्यावर मी दंडापर्यंत हात बाहेर काढून बसायचं होतं. पहिल्या दिवशी मी पुटपुटले, “ट्राम येतेय.” ट्राम आली, गेली, तिच्या कंडक्टरनं आमचा उद्धार केला, आणि मग काकांनी विचारलं, “काही म्हणालीस?” त्यांनी गाडी कडेला घेतली. “हे बघ पोरी, तुझ्या पेट्रोलच्या नळीत कचरा आहे. आतमध्ये सगळं आहे, बाहेर येत नाही. एकदा जोरात फुंकलं पाहिजे. म्हण, ट्राम!” मी म्हटलं. “आता हावड्याला ऐकू जाईल असं म्हण.” फुटपाथवरचा शहाळीवाला कोयता थांबवून बघायला लागला. मी डोळे मिटले आणि ओरडले. शहाळीवाल्यानं मान डोलावली. काका म्हणाले, “झाली नळी साफ.”

घरी आणि कॉलेजात मी पूर्वीइतकीच गप्प होते. पण सकाळी पाऊण तास त्या उजव्या खिडकीत मी एक वेगळीच मुलगी असे. “थांबा! जा! रिक्षा! आता नाही! आता!” आणि माझ्या एका शब्दावर ते हिरवं धूड हलत किंवा थांबत असे. घरात मी मीठ मागितलं तरी ते पाच मिनिटांनी येई.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी काकांचे प्रश्न बदलले. आधी “उजवीकडे काय?” एवढंच असे. मग “तो चौकातला शिपाई कुठला हात दाखवतोय गं?” मग “समोरची बस थांबलीय की चाललीय?” मला वाटे, ते माझा सराव घेताहेत. गल्लीच्या तोंडाशी लाल टपालपेटी होती, तिच्याजवळ ते रोज गाडी हळू करत आणि अदबीनं सलाम ठोकत. लाल पागोट्याच्या पोलिसांची ही थट्टा आहे असं समजून मी हसत असे. मी हसले की तेही हसत, पण जरासे उशिरा. मग एका सकाळी त्यांनी सहज विचारलं, “डावीकडे फुटपाथ किती लांब आहे?” फुटपाथ त्यांच्या स्वतःच्या कोपराखाली होता.

मी सांगितलं, “वीतभर.” त्या दिवसापासून मी डावीकडचंही सांगायला लागले. कोणाला काही बोलले नाही. काकूंना सांगितलं असतं तर गाडी त्याच संध्याकाळी विकली गेली असती. त्या वाटच बघत होत्या. आणि गाडी गेली तर काकांनी पहाटे उठून काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. शिवाय, हे लिहिताना लपवत नाही, मला माझी खिडकी सोडवत नव्हती.

कलकत्त्यात ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि माणसं सरळ रस्त्यातच उतरतात. शेजारच्या गाडीनं तेव्हा थांबायचं असतं. एस्प्लनेडला एकदा आमच्या उजवीकडची ट्राम थांबली. काका मात्र थांबले नाहीत. मी इतकी मोठ्यानं ओरडले की ट्रामचा ड्रायव्हरसुद्धा दचकला. पिकप किंचाळत उभी राहिली. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बगलेत छत्री धरून उभे होते. त्यांनी आमच्याकडे शांतपणे पाहिलं, बैलाच्या नाकावर थोपटावं तसं गाडीच्या बॉनेटवर थोपटलं आणि पलीकडे गेले.

काकांनी गाडी पुन्हा सुरू केली. मग म्हणाले, “दिसली होती मला ती बाई.”

मी कॉलेजपर्यंत दोन्ही बाजू आणखी मोठ्यानं सांगत राहिले.

त्यानंतर आठवड्याभरातच त्यांचं लायसन नवं करायची वेळ आली. वयामुळे कचेरीनं या वेळी डॉक्टरांचा दाखला मागितला होता. डॉक्टर मराठीच, काकांचे रविवारच्या पत्त्यांतले मित्र. काकांनी त्या सकाळी गाडीला दोनदा पुसलं, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला आणि “चल, पाच मिनिटांचं काम आहे,” म्हणून मला बरोबर घेतलं. मी नेहमीसारखी दोन्ही बाजू सांगत दवाखान्यापर्यंत आले. डॉक्टरांनी चहा मागवला, फॉर्म पुढे ओढला आणि टाकाचं टोक दौतीत बुडवलं.

“लांबचं दिसतं ना रे?”

“घारीसारखं,” काका म्हणाले.

“तर काय! मागच्या रविवारी माझा एक्का कुणी मारला?” तो एक्का टेबलावर आपटतानाच डॉक्टरांनी मोठ्यानं ‘एक्का’ म्हटलं असणार, हे मला माहीत होतं. ते मोठ्यानंच खेळत. टाक कागदावर टेकवून त्यांनी सहज माझ्याकडे पाहिलं. “तू बसतेस ना गं रोज शेजारी? मग काय, करून टाकू सही?”

मी कधी बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. काकांनी मोठ्या विश्वासानं माझ्याकडे वळून डोळा मिचकावला. म्हणजे, माझ्या शेजारी खुंटीवर डॉक्टरांचा कोट लटकत होता, त्याच्याकडे वळून.

पुढे सगळं जमेल तसं झालं. काका माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा आला, आणि गाडीवर एक ड्रायव्हर आला. काका उजव्या खिडकीत बसायला लागले आणि दंडापर्यंत हात बाहेर काढून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडायला लागले. वडिलांची पुन्हा बदली झाली तेव्हा आमच्या ट्रंका त्यांनीच हावड्याला पोचवल्या. मी मागे हौद्यात, ट्रंकांवर बसून गेले. पुढे दोनच माणसांची जागा होती.

पण हे त्या सकाळी कोणाला माहीत होतं? टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला होता. बाहेर पिकप उन्हात चकाकत उभी होती. काका त्या कोटाकडे बघून अजून हसत होते. माझे कान लाल झाले, जीभ नाहीशी झाली, आणि तरीही त्या खोलीत कोणाचातरी मोठा, मोकळा आवाज उमटला.

“सही नका करू, डॉक्टरकाका. काका नुसतं चाक धरतात. रस्ता मी बघते, दोन्ही बाजूंचा.”