वेलांटीताईंचे एकोणीस नियम

ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीताई म्हणत. आधी दहा वर्षं त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. चाळिशीला टेकल्यावर प्रोग्रामिंग शिकल्या आणि मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत लागल्या. पण नजर तीच. सूचनाफलकावर चुकीची वेलांटी दिसली की पर्समधून पेन निघालंच.

कंपनीची अ‍ॅप तीन: बसचं, वाचनालयाचं आणि दवाखान्याचं. तीन गट, कोड लिहिण्याच्या तऱ्हाही तीन. एका गटातला माणूस दुसरीकडे गेला की आठवडाभर नुसता डोकं खाजवत बसे. शेवटी साहेब म्हणाले, "ताई, सगळ्यांना मिळून एकच नियमावली करा. कोड लिहिला की कॉम्प्युटरनेच तपासावा आणि चुकलं तिथे बोट ठेवावं."

ताईंना हुरूप आला. हाताला लागेल तो नियम त्यांनी फाइलीत घातला. सोमवारी ती फाइल तिन्ही अ‍ॅपना जोडली आणि चार हजार तीनशे चुका बदाबदा बाहेर पडल्या. एका जास्तीच्या रिकाम्या ओळीवरूनही काम अडू लागलं.

बसच्या गटातले दादा, कंपनीतले सगळ्यात जुने, तरातरा आले. "अहो ताई, ही नियमावली आहे की सासुरवास? सकाळपासून एक काम पुढे सरकलं नाही!"

ताईंचा चेहरा पडला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "अगं, अंगात घातलेला सदरा कुणी उसवतं का? नवीन शिवशील ते नीट शीव. आणि माप घेतलंस का कुणाचं?"

माप तर घेतलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची ओढत एकेका टेबलाशी जाऊन बसल्या. कशाने खरंच घोळ होतो, कशाचा नुसता जाच होतो, विचारलं. रिकाम्या ओळींचे नियम काढून टाकले. जुन्या चुकांची वेगळी यादी केली, सवडीने निस्तरायला. काम अडणार ते फक्त नव्या चुकीवर. दादांशी मात्र एका नियमावरून तासभर जुंपली: नुसतं चित्र असलेल्या बटणाला नाव हवंच, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला फोन ते वाचून दाखवेल. ताई हटल्या नाहीत. अखेर नियम उरले एकोणीस.

नवी फाइल लागली आणि पहिलं काम अडलं ते नेमकं ताईंचंच. डॉक्टरांना फोन लावायच्या बटणाला नाव द्यायचं घाईत राहून गेलं होतं.

दादा खो खो हसले. "काय ताई, वेलांटी चुकली?"

ताई कानापर्यंत लाल झाल्या, मग स्वतःच हसत सुटल्या.

महिनाभराने वाचनालयाच्या गटातली एक मुलगी दवाखान्याच्या गटात आली आणि दुपारपर्यंत कामाला लागलीसुद्धा. ते पाहून दादा ताईंच्या टेबलाशी येऊन घुटमळले.

"विसावा नियम सुचलाय. घालता का?"

"चला," ताई उठल्या, "आधी बाकीच्यांना विचारू."