नातीच्या वतीनं बोललो ते

लातुरात शिकवणीच्या भागात खोली करून पोरासंगं एक म्हातारी राहते, ही आता रीतच झाली आहे. आई-बाप गावाकडं, म्हातारी इथं भाकऱ्या थापते, पोरगं डॉक्टर व्हायचा अभ्यास करतं. आमच्यातून माझी बायको जाणार होती. तिखटाचा डबासुद्धा तिनं भरून ठेवला होता. जायच्या आधी वीस दिवस ती वारली. पोराला आणि सुनेला हदगावच्या शाळेतली नोकरी सोडून येता येत नव्हतं. मग मी गेलो.

त्या इमारतीत सहा खोल्या. पाच म्हाताऱ्या आणि मी. शेजारची उदगीरकडची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय हो दादा, भाकरी करता येते का नुसती खाताच येते?"

"खाताच येते. शिकवा."

तिनं शिकवली. माझी अजून कडेनं फाटते.

नात सतरा वर्षांची. घरात बोलायची, बाहेर तोंड उघडायची नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहायची, पाचवं आलं की तशीच परत यायची. जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून जपानी चित्रं बघायची.

मी म्हणालो, "डॉक्टर होणार का कार्टून होणार?"

"याला अ‍ॅनिमे म्हणतात, आबा. बघा तर."

बघितलं. मोठ्या डोळ्यांची एक पोरगी, शाळेत कुणाशी बोलू न शकणारी. कुणी शेजारी बस म्हणालं तरी घामाघूम. तोंड बंद, पण तिच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं. असं म्हटलं तर हसतील का, तसं म्हटलं तर रागावतील का, सारखी बडबड. नात खालची अक्षरं वाचून मला मराठीत सांगायची. अशा तीन-चार मालिका होत्या तिच्याकडं, सगळ्यांतलं मुख्य पात्र असलंच भेदरलेलं.

"हिरो असा भित्रा कसा गं?"

"म्हणून तर बघते."

पुढं शिकवणीच्या वर्गात पालकांची सभा आली. पोरं मागं उभी, आम्ही खुर्च्यांवर. सरांनी विचारलं, कुणाची काही अडचण? मी माईक घेतला.

"माझ्या नातीला सगळं येतं, पण लोकांना लई भिते. शंका विचारत न्हाई. घरी भित्र्या पोरींचे जपानी कार्टून बघत बसती. तुम्ही तिला रोज उभी करा. भीड मोडंल."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला उभी केली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. ती दप्तर घेऊन निघून आली.

"बाबांना बोलवा. मी हदगावला जाते."

तीन दिवस वर्गाला गेली नाही. जेवायची, मोबाइल मात्र बाहेर काढायची नाही. पोराला फोन करायचं मी आज-उद्या करत राहिलो.

शेजारीण म्हणाली, "पोरीला न विचारता तिचं दुखणं गावभर केलंत, दादा."

"खोटं बोललो का?"

"खरंच बोललात. म्हणून तर."

त्र्याण्णवच्या भूकंपात आमची सहा वर्षांची पोरगी गेली. पुढं पत्र्याच्या शेडात लोक यायचे, काय झालं विचारायचे. बायको बोलायची नाही. एकदा चारचौघं बसलेले असताना तिच्या वतीनं मीच सांगून टाकलं. ही दहा वर्षांच्या पोराला हाताला धरून बाहेर आली, पोरगी आत राहिली. खरं होतं ते. तो पोरगा म्हणजे या नातीचा बाप. बायकोनं त्यानंतर सगळा संसार केला, पण त्या पहाटेबद्दल माझ्याजवळ एक शब्द काढला नाही. तिच्या मनात काय चालायचं ते मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

चौथ्या दिवशी नातीसमोर बसलो. म्हणालो, "मी काय करू ते तू सांग. सांगशील तेवढंच करीन."

ती चटईची कड उसकटत बसली. मधे बोलायची मला सवय, तरी बोललो नाही.

"सरांना म्हणा, मला उभी करू नका. मी शंका कागदावर लिहून देईन."

"आणखी?"

"काही नको. कार्टूनचं तर अजिबात नको, आबा."

मी सरांकडं गेलो, तेवढंच सांगितलं. सर म्हणाले, "अहो आजोबा, तुम्हीच म्हणाला होता ना, भीड मोडा?"

तिची आजी आत्ताच गेली, पोरगी लहानपणापासून अशीच, सगळं जिभेवर आलं होतं.

"म्हणालो होतो. आता ती जे म्हणली ते सांगायलोय."

"बरं. लिहून देऊ द्या."

दुपारी तिनं चटईवर बसून काहीतरी लिहिलं आणि वेणी घालायला उठली. वही उघडीच पडली होती. मी ती न वाचता मिटून तिच्या दप्तरात घातली.