माझ्या हाताचं शीड

माझं माहेर नागपूरचं. पाणी म्हणजे उन्हाळ्यात कूलरमध्ये ओतायचं, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. नवरा सांगलीचा, लहानपणी कृष्णेत डुंबलेला. तेवढ्या भांडवलावर यांनी न्यू जर्सीत शिडाची नाव विकत घेतली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नावेला निमित्त झालं हार्ट अटॅकचं. ‘माइल्ड’ होता, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत धडधाकट माणूस जेवता जेवता खुर्चीवरून खाली घसरला, त्यात माइल्ड काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. टेन्शन कमी करा, मनाला आवडेल असं काहीतरी करा, असा सल्ला मिळाला. दुसऱ्या कुणी परसात टोमॅटो लावले असते. यांनी ऑफिसातल्या एका रिटायर होणाऱ्या गृहस्थांची जुनी, रंग उडालेली नाव घेतली. चार माणसं कशीबशी बसतील एवढी ती होती, आणि शिडं तिच्याहूनही म्हातारी होती.

यांना एकटं सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून दर शनिवारी मीही खाडीवर जायला लागले. आमच्या ओळखीतल्या एक काकू म्हणायच्या, “काय बाई हौशी जोडपं!” हौस कसली, मी पहाऱ्यावर असायचे. हे लाटांकडे बघायचे आणि मी यांच्या तोंडाकडे. यांनी छातीवरून नुसता हात फिरवला, तरी मी किनारा किती लांब आहे ते बघायचे.

बुडण्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. खाडीच्या मध्यावर यांना पुन्हा काही झालं तर? मोबाइल तेव्हा नव्हते. मोटर होती, पण ती दोरी हिसडून सुरू करावी लागे, आणि मला तिने कधी दाद दिली नाही. म्हणजे यांना नावेच्या तळाशी झोपवून, वारा नेईल तिकडे मी जाणार. किनारा दिसत राहील आणि मला तिथे पोचता येणार नाही. भाजी चिरताना, गाडी चालवताना, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायचं.

आणि हे यांच्यापाशी बोलायची सोय नव्हती. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलेलो. हे इंजिनियर झाले, आम्ही अमेरिकन सिटिझन झालो, तरी एकाने ‘मला काही झालं तर’ असं म्हणायला तोंड उघडलं की दुसरा लगेच ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून गप्प करायचा. कॉलेजात असलेल्या मुलीला मी फोनवर आडून आडून सांगून पाहिलं. ती म्हणाली, “आई, जस्ट वेअर युअर लाइफ जॅकेट, ओके?” झटका काय जॅकेट बघून येतो?

मग एका शनिवारी वारा अचानक वाढला आणि मागचं मोठं शीड शिवणीवरून टर्रकन फाटलं. हे उठून डोलकाठीपाशी गेले आणि ते फडफडणारं शीड दोन्ही हातांनी खाली खेचायला लागले. पुढचं शीडही अडकून बसलं होतं. यांचं तोंड राखेसारखं झालं. “अहो, बसा! मी करते,” मी ओरडले, पण काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी सुकाणूचा दांडा धरून नुसती बसून राहिले. शिडं खाली आली, मोटर लागली, आम्ही परत आलो. घरी येईपर्यंत मी एका शब्दानेही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

यांना मात्र शीड फाटल्याचा आनंदच झालेला दिसला. आता नवीन घ्यायचं निमित्त मिळालं! रोज रात्री जेवणानंतर कॅटलॉग उघडून बसायचे. पुढचं शीड मोठं घेतलं तर स्पीड कसा वाढेल, हे मला पेपर नॅपकिनवर आकृत्या काढून सांगायचे. मी आकृतीतल्या त्या मोठ्या त्रिकोणाकडे बघायचे. तो खाली ओढायला किती जोर लागेल, एवढंच मला दिसायचं.

शिडं शिवणाऱ्याचं दुकान किनाऱ्याजवळ एका गोदामाच्या माडीवर होतं. वर सगळी गुळगुळीत लाकडी जमीन, आणि तिच्यावर पांढरी शिडं पसरलेली. आम्ही दोघांनीही दारातच चपला काढल्या. तो अमेरिकन शिंपी खूश झाला. गिऱ्हाइकांना बूट काढायला सांगून सांगून तो कंटाळला होता म्हणे. त्याने आमच्यापुढे कापडाचे तुकडे टाकले. मी सवयीने बोटांत चुरगाळून पाहिले. नव्या धोतरासारखं कडक कापड. याच्यावर हाताची पकड बसायची नाही, असं मनात आलं.

“मोठं पुढचं शीड घ्या,” तो यांना म्हणाला. “हलक्या वाऱ्यातही मजा येईल. एकटेच जाता का?”

“नाही, नाही,” हे म्हणाले. “वाइफ असते बरोबर.”

“मग काळजी नाही. दोघं असलात की ते सहज हाताळता येतं.”

हे मान डोलवत होते. आता ऑर्डर जाणार, आणि तो मोठा त्रिकोण आमच्या नावेवर चढणार.

“अँड व्हॉट इफ ही डाइज आउट देअर?” मी म्हणाले.

माझ्या आवाजाने मीच दचकले. मराठीत हे वाक्य सात जन्मांत माझ्या तोंडून निघालं नसतं. इंग्रजीत ते निघून गेलं, आणि निघाल्यावर मला कळलं की अर्थ तोच आहे. मी यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

शिंप्याने मोजपट्टी खाली ठेवली. कसनुसं हसत त्याने एक दोरी उचलली, एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाला, “ओढा बघू.” मी जिवाच्या आकांताने ओढली. त्याने दोन-तीनदा जोर कमी-जास्त करून पाहिला. मग यांच्याकडे वळून म्हणाला, “तुमच्या मिसेसना झेपेल असं हवं तर पुढचं शीड बरंच लहान घ्यावं लागेल. मागचं मोठं शीडही खालून गुंडाळून अर्धं करता येईल असं शिवावं लागेल. स्पीड विसरा.”

हे हातातला कापडाचा तुकडा उलटसुलट करत होते. मग तो खाली ठेवून म्हणाले, “मेक इट फॉर हर.”

गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. हे समोर बघून ड्राइव्ह करत होते, आणि आपण नको ते बोलून बसलो, आता ते खरं होणार, या भीतीने मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते.

नवी शिडं आली. त्यानंतर दर शनिवारी मी शिकत गेले. पुढचं शीड उतरवायचं, मोठं अर्धं करायचं, नावेचं नाक वाऱ्याकडे वळवलं की वेग मरतो, ते धक्क्याच्या जवळ नेमकं कधी करायचं, सगळं. धक्क्याला दोनदा आपटले. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, “अगं, डोंट पॅनिक.” मी पॅनिकमध्येच शिकले.

एका शनिवारी वारा बरा होता. खाडीच्या मध्यावर पोचल्यावर हे सुकाणू माझ्या हाती देऊन माझ्या मागे जाऊन बसले. म्हणाले, “आता मी नाही, असं समज. नाव धक्क्याला बांधून होईपर्यंत मी बोलणार नाही.”

“अहो, काहीतरीच काय?”

उत्तर नाही.

मी पुढचं शीड उतरवलं. मोठं अर्धं केलं. “अहो, बरोबर चाललंय ना?” उत्तर नाही. वाऱ्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि पाठीमागे काहीच नाही. खोकलासुद्धा नाही. वळून बघावं असं सारखं वाटत होतं. पण बघितलं, आणि खरंच काही झालेलं असलं, तर माझ्या हातून पुढचं काही होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आधी धक्का, मग बघायचं, असं स्वतःला बजावत मी नाव आणली. नाक वळवलं, वेग मेला, नाव हळूच टेकली. मी उतरून दोरी बांधली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मग वळले.

यांची मान छातीवर झुकली होती आणि डोळे मिटलेले होते.

मी किंचाळले.

यांनी डोळे उघडले. “अगं, आहे मी! तू आपटणार असं वाटलं, म्हणून डोळे मिटून घेतले.”

मी धक्क्याच्या फळ्यांवर मटकन बसले आणि रडायला लागले. हे नावेतून उतरले, शेजारी येऊन बसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बघ, जमलं तुला. आणलीस की नाही एकटीने?”

आणली होती. हे नसते तरीही मी घरी पोचले असते. इतके दिवस मला हेच हवं होतं, आणि आता ते मिळाल्यावर मी यांचा हात घट्ट धरून बसले होते.