सिगारच्या पेटीत पंचवीस विड्या

अमेरिकेत, एडिसन गावात, ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं राहिलो, ते काका-काकू माझ्या नात्यातले नव्हते. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात त्यांनी लावलेली चिठ्ठी मी वाचली होती. खोली भाड्यानं देणे आहे, विद्यार्थी हवा, शाकाहारी, निर्व्यसनी. सगळ्या अटींत मी बसत होतो. शेवटची अट फक्त भाडेकरूला आहे, हे पहिल्या शनिवारी गराजमध्ये डोकावल्यावर कळलं.

त्याच आठवड्यात जेवताना काकूंनी विचारलं, "आई काय करते तुझी?"

"घरीच असते."

"बरं आहे बाई," काकू म्हणाल्या. "आम्हाला नाही जमलं कधी." त्या प्रोग्रॅमर होत्या आणि रोज येऊन-जाऊन तीन तास ड्राइव्ह करायच्या.

मी खोटं बोललो नव्हतो. माझी आई घरीच असायची. सिन्नरला, आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ती विड्या वळायची. टेंभुर्णीचं पान कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं आणि सूत बांधायचं. त्याच सुपातून माझं इंजिनिअरिंग झालं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

'घरीच असते' हे वाक्य मी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये तयार केलं होतं आणि अमेरिकेत येताना सांभाळून बरोबर आणलं होतं. खरं सांगितलं तर कोणी मला हाकलून देणार नव्हतं. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर आईबद्दल कीव येईल, आणि ती मला बघवणार नाही, असं मला वाटायचं. ती कीव टाळण्यासाठी मी आईला सहा वर्षं बिनकामाची करून ठेवली होती, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

काका पुण्याचे, एका कंपनीत आयटी मॅनेजर. अत्यंत सरळ माणूस. लायब्ररीची पुस्तकं मुदतीच्या दोन दिवस आधी परत करायचे. ग्रीन कार्ड यायचं होतं म्हणून रस्ताही चुकीच्या जागी ओलांडत नसत. हाच माणूस टोरांटोहून येताना मोज्यांच्या जोडांत क्युबन सिगार आणायचा, ज्यांना अमेरिकेत बंदी होती.

"स्मगलिंग नाही रे," ते मला समजावून सांगायचे. "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

काकांचा टोरांटोचा एक मित्र दर हिवाळ्यात हवानाला जायचा आणि तिथे दोन कारागिरांकडून सिगार सांगून वळून घ्यायचा. कस्टम रोल्ड. अशा सिगारवर कंपनीची कागदी पट्टी नसते, त्यामुळे कोणाचा कुठला हे फक्त जुडीला बांधलेल्या फितीवरून कळायचं. पिवळी फीत एका म्हाताऱ्याची, निळी एका बाईंची. गराजमध्ये त्यांना 'आजोबा' आणि 'बाई' म्हणत. दोघांनाही इथल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. नावं माहीत नव्हती.

काका आजोबांच्या बाजूचे. त्यांचे मित्र, ज्यांना सगळे नागपूरकर म्हणत, ते बाईंच्या बाजूचे. दर शनिवारी दुपारी गराजचं शटर अर्धं वर करून दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसत आणि वाद सुरू होई.

"आजोबांच्या हाताला शिस्त आहे," काका म्हणत. "पहिल्या झुरक्यात कळतं."

"शिस्त नाही बे, कंजुषी. तुमच्या पुण्यात पाणी मागितलं तर अर्धा ग्लास येते, तसा तुमचा आजोबा धूरही मोजून देते."

"आणि तुमची बाई? नुसती भसाभस."

"बाईच्या हातात माया आहे. तुला नाही कळणार."

मी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत हे ऐकायचो. आमच्या ओट्यावर कुणाच्या हाताला शिस्त किंवा माया आहे, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तिथे एकच प्रश्न असायचा, आज छाट किती निघाली. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की तपासणारा माणूस विड्या चिमटीत दाबून बघायचा आणि सैल, वाकड्या, फुटक्या बाजूला टाकायचा. ती छाट.

सप्टेंबरमध्ये दोघांनी ठरवलं की एकदाचा निकाल लावू. डोळे बांधून दोन्ही ओढायचे आणि कुठला कोणाचा ते सांगायचं. "अंपायर हा," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "निर्व्यसनी आहे, सेटिंग होणार नाही."

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी काका ऑफिसच्या कामानं बाहेरगावी होते. सिगार ठेवायची त्यांची लाकडी पेटी होती. ती आतून दमट ठेवायला एक स्पंज असतो. त्यात पाणी आहे का बघ, असं ते मला सांगून गेले होते. मी पेटी उघडली, स्पंज ओला केला आणि एक सिगार सहज चिमटीत धरून दाबला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. आई माल देण्याआधी स्वतःच सगळ्या विड्या तपासायची. तिच्या शेजारी बसून मीही तेच करत मोठा झालो. वरून काकूंनी "चहा टाकू का रे?" अशी हाक मारली तेव्हा मी भानावर आलो. दोन्ही फिती सुटून मांडीवर पडल्या होत्या आणि वीस सिगारचे मी दोन ढीग केले होते. एक चांगल्यांचा, एक छाटीचा. आजोबा आणि बाई दोन्हीकडे मिसळून गेले होते.

"नको काकू," मी ओरडलो.

आमच्या ओट्यावर तीन बायका वळायच्या. कधी सुपं लवंडून विड्या एकत्र झाल्या तर कोणी भांडायचं नाही. जी ती चिमटीत धरून आपापल्या वेचून घ्यायची. मलाही त्यातल्या आईच्या ओळखू यायच्या. म्हणून मी डोळे मिटले आणि एकेक सिगार अंगठ्याखाली फिरवत गेलो. काही सिगार एका टोकाला घट्ट होते आणि दुसऱ्या टोकाला सैलावत गेले होते, वळणाऱ्याला अर्ध्यात चहाची आठवण झाल्यासारखे. उरलेले सगळीकडे सारखे होते, फक्त शेवटी अंगठा जरा जास्त दाबलेला. त्याच जागेसाठी कधीतरी बोलणी खाल्लेल्या माणसाचा तो दाब होता. माझी आईही तिथे तसाच दाबते. सैलावणाऱ्या दहांना मी आजोबांची पिवळी फीत बांधली आणि दुसऱ्या दहांना बाईंची निळी. मला खात्री होती. अंपायरला असते तशी नाही, मुलाला असते तशी.

शनिवारी काकूंच्या ओढण्यांनी दोघांचे डोळे बांधले. काकांनी पहिला सिगार चार वेळा ओढला, मान मागे टाकली आणि म्हणाले, "आजोबा. प्रश्नच नाही. ही शिस्त बघ." तो बाईंचा होता. नागपूरकरांनी दुसरा ओढून तोंडभर हसत सांगितलं, "आली माझी बाई." ते आजोबा होते.

ओढण्या सुटल्या. मी निकाल सांगितला.

"तू नीट ठेवलेस ना रे?" काकांनी हळूच विचारलं. "फिती वगैरे..."

इथे 'हो' म्हणता आलं असतं. पण तोंडून निघालं, "फिती माझ्याकडून सुटल्या होत्या काका. सगळे मिसळले होते. पण मी परत वेगळे केले."

"अरे देवा! वेगळे? कशावरून?"

"हातावरून."

"आम्ही पाच वर्षं ओढतोय, आम्हाला कळेना, अन् तुला दाबून कळलं?" नागपूरकर म्हणाले. "कुठं शिकला बे तू?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. काकू भजी घेऊन दारात आल्या होत्या. सहा वर्षं जपलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, पण या प्रश्नाला ते उत्तर होत नव्हतं.

"माझी आई विड्या वळायची," मी म्हणालो. "सिन्नरला. मी तिच्याजवळ बसून अभ्यास करायचो."

मी किवेची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. ऑर्डर आली.

"हात्तिच्या! मग हे आधी नाही सांगायचं?" नागपूरकर खुर्चीवरून उठले. "अबे, घरात खानदानी माणूस ठेवून आपण टोरांटोला काहून चकरा मारून राहिलो?"

"आईंना विचार ना," काका म्हणाले. "पंचवीस फक्त. कस्टम रोल्ड. तंबाखू जरा सौम्य घ्यायला सांग."

काकू भज्यांची ताटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "आणि मी 'बरं आहे' म्हणाले होते तुला."

"घरीच असते, काकू."

"कळलं," त्या म्हणाल्या.

आईनं वर्षभरापूर्वी काम सोडलं होतं. मान दुखायची. फोनवर तिला आधी माझं बोलणं खरंच वाटेना.

"साहेबांना विड्या? तुला तिथं नीट जेवायला घालतात ना?"

मी सिगारचा सगळा किस्सा सांगितला. तिनं तो लक्ष देऊन ऐकला आणि विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"मग हात हात काय करतात?"

तरी तिनं विड्या वळल्या. एके काळी पंचवीस विड्या तिच्या पहिल्या चहाच्या आत व्हायच्या. आता नऊ दिवस लागले. कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून त्या भट्टीत शेकून घेतल्या आणि डिसेंबरमध्ये येणाऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पाठवल्या. लाल सुतात बांधलेली ती जुडी काकांनी दोन्ही हातांनी घेतली. नागपूरकर सुट्टीत भारतात गेले होते, ते परत आल्यावरच उघडायची असं ठरलं. माझ्या परीक्षा होत्या, जुडी कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

जानेवारीत दोघं गराजमध्ये जमले. काकांनी ती लाकडी पेटी उघडली. मखमलीच्या कापडावर, ओल्या स्पंजच्या अगदी खाली, आईच्या पंचवीस विड्या होत्या. महिनाभर. काकांनी त्यांना घरातली सर्वात मानाची जागा दिली होती.

विडी पेटेना. एक काडी झाली, दुसरी झाली, सहावी झाली. काका ओढत होते आणि गालांना खळ्या पडत होत्या. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली आणि फार सभ्यपणे म्हणाले, "असू दे. पानाचा दोष असेल. त्यांना आता पूर्वीसारखं होत नसेल."

ही कीव होती. सहा वर्षं मी जिला घाबरत होतो, ती अशी चांगल्या मनानं, हळू आवाजात आली. आणि गंमत म्हणजे मला भीती वाटली नाही, राग आला.

"दोष पानाचा नाही, काका," मी म्हणालो. "आईचाही नाही. सिगार ओला ठेवतात, विडी कोरडी लागते. तुम्ही त्या भिजवल्यात."

काकांनी पेटीकडे पाहिलं. मग विड्यांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"तवा देऊ?" काकूंनी विचारलं.

त्यांनी पोळ्यांचा तवा स्वतः गॅसवर ठेवला, मंद आचेवर. मी विड्या पसरल्या आणि बोटांनी फिरवत राहिलो. स्वयंपाकघरात आमच्या ओट्याचा वास पसरला. मग छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला आणि बाहेरून आलेल्या काकांच्या मुलीनं नाक दाबून विचारलं, "आई, व्हॉट इज डाइंग इन हिअर?" काकू खुर्चीवर चढून वर्तमानपत्रानं अलार्मला वारा घालत होत्या. "काही नाही, कस्टम रोल्ड आहे," त्या म्हणाल्या.

दोघं ड्राइव्हवेवर बर्फात उभे राहिले. या वेळी पहिल्या काडीत पेटली. नागपूरकर डोळे पुसत राहिले. काका नेहमीप्रमाणे मान मागे टाकून शब्द शोधायला गेले, तेवढ्यात ठसका लागला. ठसक्यामध्ये त्यांना जेवढं बोलता आलं, तेवढंच ते बोलले.

"हात... चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. पेटीचं, स्पंजचं, तव्याचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती बराच वेळ हसली. मग एकदम कामाचा आवाज लावून तिनं विचारलं, "छाट किती निघाली?"

"एकही नाही, आई. काका म्हणाले, हात चांगला आहे."

"नीट बघितल्या नाहीत त्यांनी," आई म्हणाली. "दोन होत्या. मला इथंच कळलं होतं, पण पंचवीस भरायच्या होत्या ना."