लुसी सिस्टरांनी मोजलेली पावलं

निर्मळ गावाजवळच्या दवाखान्यात लुसी सिस्टर एकवीस वर्षं नोकरीला होत्या. कोणी गोळ्या चुकवल्या ते त्यांना चेहऱ्यावरून कळतं, असं लोक म्हणायचे. त्यांनाही ते ऐकायला आवडायचं.

२००४ साली डॉक्टरांनी जुन्या आजाराच्या रुग्णांसाठी पावलं मोजणारी यंत्रं आणली. कमरेला अडकवायची, काड्यापेटीएवढी. नरहरीकाकांचं हृदय कमजोर होतं, पाय सुजलेले असायचे. त्यांना रोज दीड हजार पावलं चालायला सांगितलं. शनिवारी आकडा वहीत उतरवायचं काम सिस्टरांकडे होतं.

आठवड्याने दहा हजार तरी व्हायला हवी होती. काकांची निघाली एकोणीसशे.

“चाललो की सिस्टर. सकाळी केळीच्या वाडीत, संध्याकाळी देवळापर्यंत.”

“मग यंत्र खोटं बोलतंय का?” बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टर म्हणाल्या. “ओटीवर बसून राहायचं आणि इथे येऊन थापा मारायच्या!”

कोणीतरी हसलं. काका उठून गेले.

पुढच्या शनिवारी त्यांची बायको अनसूया एकटीच आली. “झोपून आहेत,” ती म्हणाली. “आकडा वाढावा म्हणून दिवसातून तीन-तीनदा देवळापर्यंत जायचे. मंगळवारी दम लागून रस्त्यातच बसले. शेजाऱ्याने स्कूटरवरून घरी आणलं.”

दहा-बारा दिवसांनी, काका हिंडू-फिरू लागल्यावर, सिस्टर त्यांच्या घरी गेल्या. “अंगणात थोडं चालून दाखवाल?” त्यांनी विचारलं. काका चालू लागले. सपाता जमिनीवरून उचलल्याच जात नव्हत्या, नुसत्या घासत पुढे सरकत होत्या. सिस्टरांनी मनात शंभर पावलं मोजली. यंत्रावर सतरा होती. मग यंत्र स्वतःच्या कमरेला लावून त्या शंभर पावलं चालल्या. अठ्ठ्याण्णव.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. कमरेला हिसका बसला तरच ते पाऊल मोजायचं, आणि काकांच्या चालीत हिसका उरलाच नव्हता. दर आठवड्याला त्याच पायांवर अंगठा दाबून सिस्टर सूज बघत होत्या. ते पाय चालतात कसे, हे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

“काका, चुकलं माझं.”

काका ओटीवर टेकले. श्वास सावरून म्हणाले, “इथे सांगून काय उपयोग, सिस्टर? ऐकलं त्या सगळ्यांनी.”

शनिवारी सिस्टर बाकासमोर उभ्या राहिल्या. “नरहरीकाका खरं बोलत होते. मी सगळ्यांदेखत त्यांना खोटं ठरवलं,” त्या म्हणाल्या. वहीतला एकोणीसशेचा आकडा खोडून त्यांनी शेजारी कारण लिहिलं.

काका त्यानंतर शनिवारी कधी आले नाहीत. सोमवारी, गर्दी नसताना यायचे. सिस्टर खुर्ची पुढे करायच्या, रक्तदाब बघायच्या. काकांच्या डोळ्यांत बघून बोलणं मात्र सिस्टरांना बरेच महिने जमलं नाही.