एसमधलं स्टूल

माझे वडील, म्हणजे दादा, नाशिकच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या दाराबाहेर त्यांचं स्टूल असायचं. पाठ टेकायची सोय नसल्यामुळे माणूस आपोआप ताठ बसायला शिकतो, असं ते म्हणत. शिपायाला कारकून व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर असे. संधी तीनच. मी सहावीत गेले तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, दादांच्या दोन संधी होऊन गेल्या होत्या. तिसरीत पास झाले तर खुर्ची, नाही तर निवृत्तीपर्यंत स्टूल.

दोन्ही वेळा शब्दांनी दगा दिला होता. म्हणून दादांनी रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली. तिला पुठ्ठा नव्हता, पण पानं सगळी होती. दुसऱ्या कुणी त्यातले कामाचे शब्द निवडून पाठ केले असते. दादांनी एपासून सुरुवात केली. एक अक्षर पुरतं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. अर्धी खोली झाडून केरसुणी ठेवायची नसते, असं ते आईला सांगत. आई म्हणे, "केरसुणी तुम्ही कधी धरली ते सांगा."

संध्याकाळी दादा कचेरीतून आले, चहा झाला, की मी डिक्शनरी घेऊन बसायची. मी शब्द वाचायचा, त्यांनी अर्थ सांगायचा, बरोबर आला की मी पेन्सिलीनं खूण करायची. मग दादा तो शब्द जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर उतरवत. त्यात दोन रांगा. आधीपासून तोंडात असलेले शब्द घरच्या रांगेत, कधी न ऐकलेले पाहुण्यांच्या रांगेत. अक्षर संपलं की कागद भिंतीवर लागायचा. आमच्या कॉलनीत लोकांच्या भिंतींवर फोटो असत. आमच्याकडे फोटो एकच आणि बाकी इंग्रजी.

पाहुण्यांचं दादांना भारी कौतुक. सोजर्न म्हणजे तात्पुरता मुक्काम, हे कळल्यावर ते कळवणला आत्याकडे दोन दिवस सोजर्न करून आले. स्लीट म्हणजे पावसाबरोबर पडणारा बर्फ, असं मी वाचलं, तर म्हणाले, "निफाडला द्राक्षांवर पडतो तो?"

"त्या गारा, दादा."

"गारा एचमध्ये झाल्यात, हेल. मग हा पाहुणा. तिकडं लिही."

एसपर्यंत येता येता उन्हाळा लागला. एस हे डिक्शनरीतलं सगळ्यात जाड अक्षर आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पानं बोटांत धरून पाहिली आणि कळलं. तीन आठवडे झाले तरी एस हटेना. बाहेर मुली लगोरी खेळत होत्या, त्यांचा आरडाओरडा घरात ऐकू यायचा आणि मी दादांना स्कर्व्हीचा अर्थ विचारत होते. मला एसचा राग आला होता. खरं सांगायचं तर दादांचाही आला होता.

कचेरीतली पाकिटं चिकटवायची खळ दादा घरी करत. मैदा शिजवायचा, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. डबा खिडकीत असे. एका दुपारी घरात कुणी नसताना मी एसची काही पानं एकत्र धरली आणि कडेकडेनं खळ लावून चिकटवून टाकली. वर पाटा ठेवून दाबली. फाडायची हिंमत नव्हती, आणि चिकटवणं म्हणजे काही फाडणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. कुठले शब्द आत गेले ते पाहिलंही नाही. पुस्तक माझ्याच हातात असायचं, त्यामुळे दादांना पत्ता लागला नाही. आठवड्याभरात एस संपला. मी लगोरी खेळायला गेले.

परीक्षा पावसाळा लागता लागता झाली. तोवर टी संपून यू सुरू झाला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी परत आले. आईनं पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "इंग्रजी पत्र मराठीत करायचं होतं. सगळं आलं. एक शब्द नाय आला. स्टिप्युलेटेड. त्याच्यावरच अख्खं पत्र टांगलेलं."

"जाऊ द्या, एका शब्दानं काय होतंय," आई म्हणाली.

"तसं नाय. एसचा हाय. एस आपण पुरा केलाय. मग येत कसा नाय?"

ते उठून भिंतीपाशी गेले. एसचे तीन कागद होते. दादा बोट ठेवून घरच्या रांगेतून खाली उतरू लागले. स्टाफ, स्टँप, स्टँड, स्टेशन. पुढं एकदम स्ट्रीट. त्यांचं बोट तिथंच थांबलं.

"स्टूल कुठं हाय?" ते म्हणाले. "मी दिवसभर स्टुलावर बसतो, आणि घरच्या रांगेत स्टूल नाय? स्टोव्ह नाय?"

मी दाराशी उभी होते.

दादांनी डिक्शनरी काढली, स्टेशन शोधलं आणि पुढची जाड झालेली पानं अंगठ्याखाली चाचपली. कडेला नाक लावून वास घेतला. ती खळ त्यांच्याच हातची होती. घरात आम्ही तिघंच, आणि आईला वाचता येत नव्हतं. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी पाहिलं नाही.

"अगं, स्टोव्ह पेटव," ते आईला म्हणाले. "पानं दमट होऊन चिकटलीत. वाफ दाखवावी लागंल."

कचेरीत आलेली पाकिटं वाफेवर उघडून, उलटी करून पुन्हा वापरायची पद्धत होती आणि त्यात दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी पातेल्यावर पानं धरली आणि सुरीच्या बोथट बाजूनं एकेक सोडवली. एकही फाटलं नाही. वाळल्यावर पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वाच."

मी वाचत गेले. स्टूल आलं, स्टोव्ह आला, ते त्यांनी घरच्या रांगेत समासात बसवले. स्टिप्युलेटचा अर्थ त्यांना येत नव्हता. मीच सांगितला, अट घालून ठरवून देणे. त्यांनी तो दोनदा म्हटला आणि पाहुण्यांत लिहिला.

एका शब्दानं कुणी नापास होत नाही. पुढे मी स्वतः कारकून झाले, असे पेपर दिले, तपासलेलेही पाहिले, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ठाऊक असून काही उपयोग होत नाही. स्टिप्युलेटेड हा शब्द कचेरीच्या दर दुसऱ्या पत्रात असतो.

दिवाळीआधी यादी लागली. दादांचं नाव नव्हतं. आई चिडून विचारत राहिली, एवढं वर्षभर घोकलं, मग राहिलं कुठं? मला वाटलं आता सांगतील. सांगावं, असंच वाटत होतं, म्हणजे मार बसेल आणि सुटेन.

"माझंच पाठांतर कच्चं पडलं," दादा म्हणाले. मग डिक्शनरी घेऊन माझ्यासमोर बसले. "यू कुठवर आला होता गं आपला?"

मी पान काढलं. मला रडू फुटलं होतं आणि अक्षरं दिसत नव्हती. दादा ताठ बसून पहिल्या शब्दाची वाट पाहत होते.